व्हिएन्नाची सरहद्द, आलापल्लीचा नाका

तमाम लहानथोरांस, विशेषतः ज्यांना परदेशी जाण्याची हौस आहे त्यांस, या ताकिदीने कळविण्यात येते की, ऑस्ट्रिया देशाची सरहद्द भूगोलाच्या पुस्तकात दाखवली आहे तिथे नाही. ती चांदा जिल्ह्यात, आलापल्लीच्या जंगल नाक्यावर, एका मोहाच्या झाडाखाली आहे. तिथे रस्त्यावर एक आडवा बांबू आहे, बांबूशेजारी एक बाज आहे आणि बाजेवर एक नाकेदार आहे. ती सरहद्द मी स्वतः ओलांडली आहे. सतरा वेळा प्रयत्न केला, त्यांपैकी सोळा वेळा मला परत पाठवण्यात आलं.

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आम्ही जागचे हललो नव्हतो. सरहद्दच आमच्या अंगावरून निघून गेली होती आणि जाताना तिने कोणाची पेटी उघडली नव्हती.

मी तेव्हा आलापल्लीच्या सागवान डेपोत होतो. लाकडाच्या टोकाकडे पाहून त्याची प्रत ठरवायची, हे माझं काम. वरून हुकूम आला की व्हिएन्ना शहरातल्या एका लाकूड-विद्यालयात चार महिने शिकायला एक माणूस पाठवायचा आहे. निवड माझी झाली. का झाली ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या बायकोच्या मते दुसऱ्या कोणी अर्जच केला नव्हता.

पण मला जायचं होतं. आमच्याकडे सागाची फळी वर्षभर मांडवात वाळत पडायची आणि विकायची वेळ आली की नेमकी तडकायची. तिकडे म्हणे ती भट्टीत काही दिवसांत वाळते, तीही न तडकता. ती भट्टी मला या डोळ्यांनी पाहायची होती.

हुकुमापाठोपाठ मुंबईच्या वकिलातीतून नियमांचं पत्रक आलं. पाच पानं, टाइप केलेली, इंग्रजी. त्यातल्या एका ओळीखाली लाल शाईची रेघ होती. व्हिसावर प्रवेश एकदाच, दिलेल्या तारखेच्या आत. आणि ज्याचं सामान किंवा कागद नियमात बसणार नाहीत, त्याला सरहद्दीवरून माघारी पाठवलं जाईल. आमच्या डेपोतून परदेशी जाणारा मी पहिला. मी माघारी आलो असतो तर दुसऱ्या कोणाला पाठवायचं नाव कोणी काढलं नसतं. शिवाय उरलेलं आयुष्य मला आलापल्लीत 'परत आलेले बाबूजी' म्हणून काढावं लागलं असतं, ते वेगळंच.

पत्रक घेऊन मी नाक्यावर गेलो, कारण आमच्याकडे नाका म्हणजे काय हे एकाच माणसाला कळत होतं.

नाकेदार पन्नाशीचा होता. गावात सगळे त्याला भाऊ म्हणत. चांद्याच्या पलीकडे तो कधी गेला नव्हता, पण बैलगाडीच्या चाकाचा आवाज ऐकून गवताखाली लाकूड आहे की नाही ते सांगायचा. स्वतःच्या साळ्याची गाडी त्याने दोनदा अडवली होती. तिसऱ्यांदा साळा गाडी न घेता पायी आला, तर त्याने साळ्याची पिशवी तपासली.

"वाचा जी बाबूजी," तो म्हणाला. "इंग्रजी नका वाचू, मले समजन असं वाचा."

मी वाचत गेलो. बाजेखाली सावलीत आमचा मुकादम बसला होता. म्हातारा गोंड माणूस, डेपोतल्या करवत्यांचा म्होरक्या, गाव जंगलात पार आत. तो बोलायचा कमी, आणि बोलला की माना हलायच्या.

"इटलीच्या बंदरात उतरायचं. तिथून रेल्वेने पुढे. इटलीत राहायचं नाही, नुसतं जायचं, पण त्यालाही वेगळा शिक्का लागतो," मी म्हणालो.

"बराबर हाये," नाकेदार म्हणाला. "सिरोंच्याची गाडी चांद्याले जाते तं मधातल्या नाक्यावर पास दाखवाच लागते. पुढं?"

"शहरात पोचल्यावर तीन दिवसांत पोलिसांकडे जाऊन सांगायचं, मी अमुक, इथे उतरलो आहे."

यावर मुकादम बोलला. "तीन दिवस काऊन? आमच्या गावात पावना आला का पयले पाटलाकडं जाते. पाणी मागूनच पेते, पन पयले पाटील. तीन दिवस कोनी थांबते काय?"

नियम ढिला आहे, असं सर्वानुमते ठरलं.

"वापरातले कपडे चालतील. नवीन वस्तू असेल तर दाखवून तिच्यावर जकात भरावी लागेल."

नाकेदाराने डोळे बारीक केले. "तुमी कोट शिवला म्हनते चांद्यात. लोकरीचा."

"शिवला."

"घातला काय?"

"अजून नाही."

"मंग तो माल नवा हाये. वापरा."

मे महिना होता. चांद्याचा मे महिना ज्याने पाहिला नसेल त्याने पाहू नये. सकाळी आठला पत्रा हात लावू देत नाही, दुपारी कावळे उघड्या चोचीने बसतात. अशा दिवसांत मी आठवडाभर लोकरीचा कोट घालून डेपोत हजेरी लावली. सागाच्या ओंडक्यांमधून मी घामाने निथळत चाललो की करवते करवत थांबवून उभे राहायचे. वैद्य न बोलावता दोनदा येऊन गेले. सातव्या दिवशी कोट पाठीत विटला, तेव्हा नाकेदाराने कॉलर उलटी करून वास घेतला आणि जाहीर केलं, "आता झाला वापरातला."

शेवटचा नियम असा होता: मांस, ताजी फळं, रोपं आणि बियाणं सरहद्दीच्या आत आणायला बंदी.

हे ऐकून नाकेदार उठून उभा राहिला. इतका वेळ परदेशाबद्दल त्याचं मत साशंक होतं. आता त्याला ऑस्ट्रियात आपला माणूस दिसला.

"बाबूजी, नाका म्हंजे नाका," तो म्हणाला. "तिथं जाऊन घाबरसान तं तोंडावर दिसन, अन् तोंडावर दिसलं का पेटी खोलते. मी पन तसंच करतो. रोज सायंकाळी पेटी घिऊन इकडून या. मी तपासतो. सवय होऊन जाईन."

अशी आमची तालीम सुरू झाली. मी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन संध्याकाळी नाक्यावर यायचो. तो बाजेवरून "कोन हाये?" म्हणून ओरडायचा. रोज माझ्याबरोबर चहा पिणारा माणूस मला ओळखत नसे. कुठून आलात, कशाला आलात, परत कधी जाणार, पेटीत काय. मग ट्रंक उघडायची आणि माझी इभ्रत रस्त्यावर मांडली जायची.

आता या प्रकरणात माझी बायको येते. ती म्हणायची, चार महिने हा माणूस उकडलेला बटाटा खाऊन राहील काय? म्हणून मी ट्रंक भरून पाठ वळवली की ती तिच्यात काहीतरी सरकवायची. पहिल्या दिवशी मोहफुलाचे लाडू निघाले. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या बाहीत चारोळी. तिसऱ्या दिवशी बुटात आंबोशी. प्रत्येक वेळी नाकेदार रीतसर पंचनामा करायचा, मुकादमाला पंच नेमायचा आणि शेवटी लिहायचा, 'जप्त माल पंचांसमक्ष नष्ट करण्यात आला.' नष्ट करताना दोघेही बोटं चाटायचे.

"नाकेदार भाऊ," बायको एकदा नाक्यावर येऊन भांडली, "माह्या लाडवात बियाणं कुठी होतं?"

"बाई, पयले तपासा लागते. तपासल्याबिगर कसं समजन?"

"बारा लाडू तपासले तुमी!"

"अकराव्यात संशय आला होता."

तिने यावर एकच उपाय केला. लाडू बंद केले आणि रोज फक्त जवसाची चटणी ठेवू लागली. ती मी भातावर, भाकरीवर, कशावरही खातो. नाकेदाराने तीही धरली. जवस म्हणजे बी, असं त्याचं म्हणणं.

"कुटून ठेवलं हाये," बायको म्हणाली. "कुटलेलं बी उगवते काय? पेरून दाखवा."

"कायद्यात कुटलेलं का बिनकुटलेलं, असं लिव्हलं नाई."

"मंग कायदा लिव्हनाऱ्यानं कधी चटणी केली नसन!"

वाद मिटला नाही, चटणी मात्र नष्ट झाली. मला मनातून नाकेदाराचं पटत होतं. एका पुडीपायी व्हिएन्ना हातची जावी, हे मला परवडणारं नव्हतं. बायकोला मी तसं बजावलंही. ती "बरं" म्हणाली. इतक्या सहज "बरं" म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोळाव्या संध्याकाळी नाकेदाराने झाकण उचललं आणि ते त्याच्या हातातच राहिलं. रोजच्या उघडझापीने ट्रंकेची बिजागरी तुटली होती. निघायला तीन दिवस उरले होते. नवी ट्रंक चांद्याला मिळाली असती, पण आलापल्लीत लाकडाशिवाय काय मिळणार? मी डेपोतून सागाच्या फळ्यांचे तुकडे रीतसर विकत घेतले, पावती घेतली, ती बायकोकडे "जपून ठेव" म्हणून दिली आणि सुताराला बसवलं. त्याने दोन दिवसांत अशी पेटी केली की माझ्या कपड्यांना तिच्यात जायला लाज वाटावी. पितळी कडी, गोल कोपरे, सागाच्या रेषा पाण्यासारख्या.

निघायची सकाळ आली. मोटार दिवसाला एकच. ती चुकली तर बल्लारशाची गाडी चुकणार, ती चुकली तर मुंबईची बोट, आणि बोट चुकली की व्हिसाची तारीख टळणार. पुढची बोट त्या तारखेनंतर होती.

पेटी मोटारीच्या टपावर चढली. मी गळ्यात हार, अंगात वापरातला कोट, अशा थाटात खिडकीशी बसलो. निरोपाला बायको आणि मुकादम नाक्यापर्यंत चालत आले होते. मुकादम खिडकीशी येऊन म्हणाला, "बाबूजी, त्याइच्या शिवेवर पान ठेवजा. आमी दुसऱ्याच्या गावात शिरतो तं शिवेवर डगाली ठेवतो."

"अरे, रोपं न्यायला बंदी आहे ना!"

"इथली डगाली कायले नेता? तिथलीच तोडाची, तिथंच ठेवाची."

"हे कायद्यात बसते," नाकेदार म्हणाला. हसत हसत त्याने बांबू उचलायला हात घातला, टपाकडे सहज पाहिलं आणि हात तिथेच थांबला.

"पेटी कोनाची हाये?"

"माझी की, भाऊ!"

"नवी हाये."

"ट्रंक तुम्हीच तोडलीत ना!"

"सागवान हाये." त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर उतरत गेला. "हातोडा कुठी हाये?"

आमच्या जंगलातून कापलेलं नवं सागवान बाहेर जायचं तर त्यावर शिक्क्याच्या हातोड्याची खूण आणि सोबत वाहतुकीचा पास लागतो. ओंडका असो, फळी असो, की फळीची झालेली पेटी असो. हे मी रोज दुसऱ्यांना शिकवत होतो. पाच पानं परदेशी नियम पाठ केले आणि घरचा नियम विसरलो.

"रेंजर साहेबांची सही घेऊ," मी म्हणालो.

"साहेब दौऱ्यावर हायेत. परवा येतीन."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मोटारीतले लोक खिडक्यांतून बाहेर आले. मी नाकेदाराकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्याने कोट घातलेला नव्हता. सोळा दिवस त्याने मला दुसऱ्याच्या नाक्यासाठी तयार केलं होतं, आणि आता मला अडवायची पाळी त्याच्यावरच आली होती. पण ज्याने साळ्याला सोडलं नाही तो मला कसा सोडणार?

"डेपोची पावती असन तं मी पास फाडू शकतो," तो जवळजवळ विनवणीच्या आवाजात म्हणाला. "पावती हाये काय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती मोहाच्या झाडाकडे पाहत होती.

"पावती कुठे आहे?"

"पेटीत."

"पेटीत कुठे?"

"खाली."

"कशात?"

"गुंडाळून ठेवली." मग हळूच, "म्हंजे पावती नाई गुंडाळली. पावतीत गुंडाळलं."

पेटी खाली उतरली. नाकेदाराने कडी काढली आणि माझा संसार सतराव्यांदा रस्त्यावर आला. या वेळी भरलेल्या मोटारीसमोर. पायजमे निघाले, बंड्या निघाल्या, दाढीचं सामान निघालं. अगदी तळाशी लोकरीच्या मोज्यात एक पुडी होती. तेल बाहेरपर्यंत उतरलं होतं. नाकेदाराने ती उलगडली, तसा मागच्या बाकावरून एक माणूस ओरडला, "जवसाची हाये! लसून पन हाये!"

कागद डेपोचा होता. तेलाने तो पारदर्शक झाला होता, पण आकडा, शिक्का, सही, सगळं वाचता येत होतं. नाकेदाराच्या एका हातात मला सोडणारा कागद आणि दुसऱ्या हातात मला माघारी आणणारी चटणी, अशी परिस्थिती झाली.

ड्रायव्हरचा हात भोंग्यावरून उतरला. बायको पुढे झाली. ती भांडेल असं मला वाटलं, पण ती नुसतं म्हणाली, "भाऊ, चार महिने हायेत."

नाकेदार चौकीत गेला. बाहेर आला तेव्हा हातात हातोडा होता. पेटीच्या झाकणावर त्याने एकच घाव घातला, इतका नेटका की पाहून सुतारानेही मान डोलावली असती. मग गुडघ्यावर पुस्तक ठेवून पास लिहिला: पेटी, सागवान, एक नग. डेपोची तेलकट पावती त्याने सरकारी फायलीसाठी ठेवून घेतली. चटणी त्याच्या तळहातावर तशीच उघडी राहिली.

मी म्हटलं, "पंचनामा करा आणि सोडा मला."

"पास मालासोबतच राहाले पाह्यजे," तो माझ्याकडे न पाहता बायकोला म्हणाला. "घ्या बाई. यात गुंडाळा."

आणि त्याने नवा कोरा पास तिच्यापुढे धरला. तिने त्यात चटणी बांधली, पुडी मोज्यात गेली, मोजा तळाशी गेला. बांबू वर गेला. मोटार सुटली तेव्हा मागे वळून पाहिलं, तर मुकादम आपला रिकामा तळहात पाहत होता आणि नाकेदार आपला चाटत होता.

ऑक्टोबरात मी परत आलो. चार महिने भट्टीपाशी बसलो होतो, वही भरून आणली होती. पण मोटार नाक्यावर थांबली तेव्हा भट्टीबद्दल कोणी विचारलं नाही.

"उतरवा पेटी," नाकेदार म्हणाला. त्याने झाकणावरून बोट फिरवलं. "आपला हातोडा दिसते. हे बाजूले पांढरी फुली कायची?"

ती खडूची होती. पुसट झाली होती, पण मी येताना जपून आणली होती.

"त्यांच्या नाक्याचा शिक्का तो," मी म्हणालो.

बाजेभोवती गर्दी जमली. बायको आली, मुकादम आला, मोटारीतले उतरून आले. मी गोष्ट रंगवायला घेतली. डोंगर सांगितला, बर्फ सांगितलं. सरहद्दीवर गाडी थांबली तेव्हा फलाटाशेजारच्या झाडाची डहाळी तोडून खांबाशी ठेवली, तेही सांगितलं. मुकादमाने मान हलवली. मग उंच टोपीचा जकातवाला डब्यात शिरला. मोज्यातली पुडी तळाशी होतीच.

"तोंडावर दिसलं काय?" नाकेदाराने विचारलं.

"नाही दिसलं. तालीम होती ना."

तो खूश झाला. "मंग पेटी कशी खोलली? कडीकडून का बिजागरीकडून? चटणी सापडली काय?"

खरं सांगतो, खोटं सांगणं अगदी सोपं होतं. त्याने पेटी उलटीपालटी केली, कोटाची कॉलर हुंगली, कुटलेल्या जवसावर वरिष्ठांना बोलावलं, असं मी सांगितलं असतं तर तो माणूस सुखी झाला असता. पण बायको समोर उभी होती आणि तिला मी पत्रात सगळं कळवून चुकलो होतो.

"भाऊ," मी म्हणालो, "त्याने पासपोर्ट पाहिला. पेटीकडे बोट करून विचारलं, कपडे? मी म्हटलं, कपडे. त्याने खिशातून खडू काढला, झाकणावर फुली मारली आणि पुढच्या डब्यात निघून गेला. पेटी उघडलीच नाही."

नाकेदाराने खडूच्या फुलीकडे पाहिलं. मग आपल्या हातोड्याच्या खुणेकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी चार महिने फुकट घालवून आल्यासारखं, आणि साऱ्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला:

"न खोलताच सोडून देल्लं? अन् अशा लोकायपाशी तुमी शिकाले गेल्ते काजी!"